माझी खोली म्हणे कामाचं ठिकाण

२ जून, सोमवार. सकाळ.

डॉक्टर म्हणाले, रोज चार ओळी लिहा, मनगट मोकळं होईल. चौथीनंतर मी पेन धरलं ते सह्या करायला आणि दूधवाल्याचे खाडे मांडायला. नातीने तिची जुनी डायरी दिली, आपली लिहिलेली पानं फाडून. काय लिहिलं होतं कोण जाणे. तर लिहिते. कोणी वाचणार नाही, म्हणून खरं तेच लिहिणार.

खरं असं की मी पडले नव्हते. पंखा पुसायला स्टुलावर चढले आणि स्टूल सरकलं. सगळं जग म्हणतं आजी पडली. स्टुलाला कोणी एक शब्द बोलत नाही. मग माझं मनगट जोडलं, खुब्यात स्टील घातलं आणि घरात एक बाई घातली.

मुलगा-सून कामावर, नात कॉलेजात. म्हणून कंपनीची बाई. सकाळी येते, संध्याकाळी जाते. मला उठवते, बसवते, बाथरूमला नेते. तसं बघितलं तर मी माझी मीच उठते, ती नुसता काखेत हात घालते. पण हात घातला की हुश्श. बसवलं की हुश्श. कूस वळवली की हुश्श. मी काय सिमेंटची गोण आहे? मी तिचं नाव हुश्शबाई ठेवलंय. तोंडावरही तेच म्हणते. मागून बोलायची मला सवय नाही.

आज म्हटलं, अगं, मी फुलासारखी हलकी, तुला कसला दम लागतो? तर म्हणाली, असाल हो आजी फूल, पण कुंडीसकट आहात.

जीभ फार आहे. संकल्प : आठवडाभरात हिला सरळ करायची.

३ जून, मंगळवार.

शी! आज अंघोळीला हातमोजे घालून आली. रबराचे, निळे. मी म्हटलं, काय गं, मी काय तुंबलेलं गटार आहे? म्हणाली, नियम आहे आजी, तुमच्यासाठीही आणि माझ्यासाठीही. मी म्हटलं, किळस यायचीच असेल तर मला तुझी यावी, तू बसमधून दहा जणांना घासून येतेस. म्हणाली, म्हणूनच तर मोजे.

उत्तर तयार ठेवते मेली. रबर पाठीवरून फिरताना अंगावर काटा येतो. पाल चालल्यासारखं वाटतं.

मोजे कपाटामागे टाकले. दुसरे काढले तिने. खोकंच आहे तिच्याकडे.

५ जून, गुरुवार. रात्रीचं जेवण झाल्यावर.

कंपनीचा फोन आला होता. मुलाने जेवताना समजावून सांगितलं. कंपनीच्या बायका घरोघरी जाऊन आजारी माणसं सांभाळतात. त्यात कोणाची पाठ जाते, कोणी ओल्या फरशीवर घसरतं, कोणाला इंजेक्शनची सुई टोचते. कंपनीने सुरक्षेचा कार्यक्रम काढला होता, पण तो कागदावरच राहिला की घराघरांत पोचला, हे आता तपासणार. एक सुपरवायझर येऊन घर बघणार, काय सुधारायचं ते सांगणार, महिन्याने परत येऊन सुधारलं का ते बघणार. नाही सुधारलं तर बाई बंद.

मी म्हटलं, बरं झालं, माझ्या सुरक्षेचं कोणाला तरी सुचलं. मुलगा काहीतरी बोलायला गेला. सुनेने टेबलाखालून त्याला लाथ घातली. पाय दुखतोय माझा, डोळे नाही.

बाई बंद झाली तर पुढे काय, विचारलं. दोघं ताटात बघायला लागले. मग मुलगा म्हणाला, मग केंद्र बघावं लागेल आई.

केंद्र म्हणजे गावाबाहेर म्हाताऱ्यांना ठेवतात ते. कोपऱ्यावरची शिंपीण तिथे गेली. एका खोलीत सहा जणी आणि संध्याकाळचं जेवण पाच वाजता. पाच वाजता गुरंसुद्धा परतलेली नसतात. आणि खिडकीबाहेर काय, तर भिंत. माझ्या खिडकीतून समोरच्या न्हाव्याचं दुकान दिसतं. कोण केसासकट आत गेला आणि कसा बाहेर आला, सगळं मला ठाऊक असतं. ही खोली सोडून मी कुठे जात नाही. लिहून ठेवते.

तसा प्रश्नच येत नाही. सुरक्षेतलं मला कोणी शिकवायला नको. या घरात तीन पोरं वाढवली, एकही विहिरीत पडलं नाही. विहीर नव्हती हा भाग वेगळा.

संकल्प : सुपरवायझरला सगळं नीट सांगायचं. जमलं तर कंपनीतल्या बाकीच्यांनाही.

९ जून, सोमवार.

सुपरवायझर येऊन गेली. नातीपेक्षा जरा मोठी पोर, कमरेला टेप लावलेली. मी तिला मोजपट्टी म्हणते. आल्या आल्या जमिनीपासून माझ्या पलंगाची उंची मोजली. मग दाराची रुंदी. मग बाथरूमचा उंबरा. मला वाटलं आता मला मोजते. मी म्हटलं, पोरी, अजून वेळ आहे, लाकडं आत्ताच नको सांगूस. हसली नाही. मोजणाऱ्या माणसांना हसू येत नाही.

मी सगळी तयारी करून बसले होते. हुश्शबाईच्या तक्रारी पाठ केल्या होत्या. तर ही कार्टी मला काही विचारेचना. हुश्शबाईलाच विचारत होती. वाकताना दुखतं का. आजींना उचलताना एकटी असता का. पायात काय घालता. आणि ती हुश्शबाई, माझ्यासमोर पटापटा बोलणारी, माझ्याकडे चोरून बघत म्हणाली, चालतंय की, आजी सांभाळून घेतात. निदान खरं तरी बोलली.

शेवटी मीच विचारलं, माझ्या सुरक्षेचं काय? तर मोजपट्टी म्हणाली, आजी, तुमचं बघणारे डॉक्टर वेगळे. मी बाईंची सुरक्षा बघायला आलेय. तुमची खोली हे त्यांचं कामाचं ठिकाण आहे ना.

कामाचं ठिकाण! माझी खोली! इथे मी झोपते, दात काढून ठेवते, कोणाशी भांडले की रुसून पडते. हा काय कारखाना आहे? मग मी कोण, मशीन? मुलगा म्हणाला, आई, तसा अर्थ नाही. मग कसा अर्थ आहे ते काही सांगितलं नाही.

हुकूम सोडून गेली. पलंग फार खाली आहे, बाईंची पाठ मोडते, तो ठोकळ्यांवर चढवा. बाथरूमपुढचं पायपुसणं काढा. आजींच्या कमरेला धरायचा पट्टा बांधा, काखेत हात घालून उचलायचं नाही. बाईंनी घरात रबरी तळाचे बूट घालायचे. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? एकदा स्वतः वाकून दाखव म्हणावं. तर वाकली. पलंगाखालून माझी जुनी स्लीपर काढून दिली आणि म्हणाली, बघा, मी पंचविशीची, मलाही लागतं पाठीत.

ढोंग.

११ जून, बुधवार.

सुताराने पलंगाच्या चार पायांखाली चार ठोकळे घातले. आता माझे पाय लोंबतात. खुर्चीवर बसवलेल्या पोरासारखे. मुलगा म्हणाला, छान झालं की. सून म्हणाली, छान झालं की. हुश्शबाईने मला बसवलं आणि पहिल्यांदा हुश्श केलं नाही. मुद्दामच असणार, मोजपट्टीचं खरं ठरवायला.

उंचावरून खाली बघितलं की गरगरतं. या वयात मला बुरुजावर चढवून ठेवलीय. किळस आलीय या सुधारणांची.

१२ जून, गुरुवार. दुपार.

नळाचं काम करायला प्लंबर आला होता. हुश्शबाई औषधं आणायला गेली होती. प्लंबरला म्हटलं, बाळा, म्हातारीचं दोन मिनिटांचं काम कर. माणूस भला. मला खुर्चीत बसवलं, पलंगाच्या पायथ्याकडचे दोन ठोकळे काढले. तेवढ्यात त्याला फोन आला, कुठेतरी पाइप फुटला होता. उशाकडचे दोन तसेच ठेवून पळाला.

संध्याकाळी मुलाने विचारलं, पलंग तिरका कसा? मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय, पाय खाली हवेत. डॉक्टर म्हटलं की या घरात कोणी पुढे विचारत नाही.

१३ जून, शुक्रवार.

झोपले उशीवर, जागी झाले पायथ्याला. हुश्शबाई मला वर ओढते, मी खाली येते. दिवसातून किती वेळा, मोजत नाही. ओढताना ती आता हुश्श करत नाही, आई गं म्हणते. तिची आई कुठे येणार तिला मदत करायला.

कंपनीच्या योजनेत हा मोठाच दोष आहे. उंच पलंग म्हटलं की माणूस घसरणारच. मोजपट्टी आली की दाखवून देणार.

१६ जून, सोमवार.

पट्टा आला. रुंद, जाड, दोन्ही बाजूंना मुठी. कमरेला बांधायचा आणि त्याला धरून मला उठवायचं. मी म्हटलं, बैल आहे का मी, की कुठे पळून जाणारेय? हुश्शबाई म्हणाली, आजी, पळाला असतात तर मीच टाळ्या वाजवल्या असत्या. माझ्या पाठीसाठी बांधा हो. काखेत हात घालून उचललं की सगळा भार इथे येतो. आणि हात मागे नेऊन दाखवलं, कुठे ते.

मी म्हटलं, तुझी पाठ दुखते, मग पट्टा तू बांध.

कपाटाचं दार आपोआप उघडतं. पट्ट्याने ते घट्ट बसलं. मजबूत आहे, वस्तूला नाव ठेवत नाही मी.

१८ जून, बुधवार.

आज बूट. रबरी तळाचे, पांढरे, जाडजूड. त्या बुटांनी माझ्या फरशीवर! बाहेर रस्त्यावर काय काय पडलेलं असतं ते मी खिडकीतून बघते. थुंकी बघते, कुत्र्यांचं बघते. हुश्शबाई म्हणाली, हे बाहेर घालतच नाही आजी, पिशवीतून आणते, नुसते घरात घालायला. मी म्हटलं, बूट तो बूट. काढ आणि दाराबाहेर ठेव. अनवाणी राहायची तर पावलांचे घामट ठसे उठतात, त्यानेही शिसारी येते. पायमोजे घाल म्हटलं. घातले बिचारीने.

आणि फरशी दोनदा साबणाने पुसून घेतली. ही आल्यापासून खोलीला औषधाचा वास येतो. फरशीत तोंड दिसलं पाहिजे. दिसलं. हुश्शबाईचं. रडवेलं होतं.

पायपुसणंही परत घातलं. सुनेने ते पेटीत लपवलं होतं. पायपुसण्याशिवाय बाथरूम म्हणजे चौकटीशिवाय दार. या लोकांना टापटीप म्हणजे काय ते कोण शिकवणार?

आता घर खरं सुरक्षित झालं. माझ्या पद्धतीने.

२० जून, शुक्रवार.

हुश्शबाई भिंतीला टेकून उभी होती. दुखतंय का विचारलं. माझ्या मनात तसं काही नव्हतं, चहा उशिरा झाला म्हणून विचारलं. म्हणाली, दुखतं, पण सुट्टी घेतली तर घर दुसरीला देतील, आणि तुम्ही दुसरीला टिकू देणार नाही. मी म्हटलं, तुला तरी कुठे टिकू देतेय? म्हणाली, तेच ना.

दोघी हसलो. चुकून.

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. आमच्या वेळी पाठ नावाची वस्तू दुखतच नव्हती.

२३ जून, सोमवार.

आज ती पडली.

झालं असं. बाथरूममधून पलंगाकडे येत होतो. मी आपली माझी मी चालत होते, तिने काखेत धरलं होतं. तिचा पाय पायपुसण्यावर पडला, पायपुसणं साबणाच्या फरशीवरून सटकलं, आणि ती गेली. मला सोडलं असतं तर कदाचित खुर्ची धरता आली असती तिला. सोडलं नाही. घट्ट धरून उलटी वळली आणि मला घेऊनच खाली आली. ती खाली, मी वर. पडता पडता मी प्रसंगावधान राखलं आणि मऊ जागी पडले, म्हणून माझा खुबा वाचला. तोल असा सांभाळावा लागतो.

मऊ जागा म्हणजे तीच.

मी म्हटलं, उठ आता, नाटकं पुरे. ती म्हणाली, आजी, आधी तुम्ही उठा. मी म्हटलं, मला उठवणारी तू, तू उठल्याशिवाय मी कशी उठणार? ती म्हणाली, तुम्ही उठल्याशिवाय मी कशी उठणार? हा तिढा काही सुटेना. तशाच पडून राहिलो दोघी. छताला जळमट होतं. मी दाखवलं. म्हणाली, उद्या काढते. मग थोड्या वेळाने म्हणाली, उद्या नाही जमायचं आजी, पाय हलत नाहीये नीट.

मी म्हटलं, एका पाठीचं एवढं काय.

म्हणाली, माझ्याकडे एकच आहे.

मग विचारलं, तुम्हाला कुठे लागलं का? मी म्हटलं, नाही. बरं झालं म्हणाली. डोळे मिटले तिने. नात आली तेव्हा दोघी तशाच होतो. आधी ओरडली, मग ॲम्ब्युलन्स बोलावली. मला वाटलं माझ्यासाठी. तिला नेली.

पायपुसणं वाळत घातलंय.

२४ जून, मंगळवार.

कोणी आलं नाही. सून रजेवर. माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. मला उठवताना तिने नाक मुरडलं, मग ओठ चावला, मग हुश्श केलं.

हिलाही लागलं ते.

२६ जून, गुरुवार.

सुनेची पाठ धरली. आता मुलगा रजेवर. काल छाती फुगवून म्हणत होता, त्यात काय आई, मी एका हाताने उचलीन. एका हाताने उचललं. आता तो हात वर जात नाही. केस दुसऱ्या हाताने विंचरतो.

नातीने मला वजनाच्या काट्यावर उभं केलं. काय आकडा आला ते लिहीत नाही. काटा बिघडलेला आहे. नात म्हणाली, मग मी उभी राहून बघते. तिचं बरोबर आलं. मी म्हटलं, अर्धवट बिघडलाय.

सगळं घर आडवं झालंय. एकीला गरम पाण्याची पिशवी, एकाला मलम. धडधाकट अशी मी एकटीच. पण मला कोणी उठवायला नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

२८ जून, शनिवार.

शेजारीण हात द्यायला आली. दारातच विचारलं, हुश्शबाई कशी आहे? मला कसं ठाऊक असणार? पाठीच्या मणक्याला मार आहे म्हणे, तीन आठवडे काम करायचं नाही. शेजारणीला कसं कळलं, तर ती भेटून आली. मी म्हटलं, काही म्हणत होती का माझ्याबद्दल? म्हणाली, आजींनी रात्रीची गोळी घेतली का, ते विचारत होती.

ती गोळी मी पंधरा दिवस कुंडीत टाकतेय. झाड मेलं. आज घेतली. कडू आहे.

३० जून, सोमवार.

मुलगा-सून केंद्र बघून आले. सहज गेलो होतो म्हणे. सहज कोणी केंद्र बघायला जातं? लोक सहज बाजारात जातात. मुलगा म्हणाला, स्वच्छ आहे आई, पलंग बटणावर वरखाली होतात. सून म्हणाली, जागा आहे तिथे सध्या. मी म्हटलं, जागा कशी झाली ते विचारलंत का?

काळजी नाही. मोजपट्टी पुढच्या आठवड्यात येणार, तेव्हा मी सगळी बाजू मांडणार. कंपनीचा कार्यक्रम कुठे चुकला ते मला सोडून कोणाला दिसलंय? मी आतून बघितलंय.

३ जुलै, गुरुवार.

भाषणाची तयारी चालू आहे. मुद्दे असे. पलंग उंच केला की माणूस घसरतो. पायमोजे निसरडे असतात, कंपनीने याचा विचार करायला हवा होता. बाई अशक्त पाठवतात, नीट तपासून पाठवाव्यात. पायपुसण्याला खालून रबर हवं. हे शेवटचं मला स्वतःलाच सुचलं, कोणाचं ऐकून नाही.

नातीला ऐकवलं. म्हणाली, आजी, मोजे कोणी घालायला लावले होते? मी म्हटलं, मध्ये बोलू नकोस, ओघ तुटतो.

७ जुलै, सोमवार.

मोजपट्टी आली. मी पलंगावर ताठ बसले होते. नातीने केस विंचरून दिले होते. मुलगा, सून समोर खुर्च्यांवर, परीक्षेचा निकाल असल्यासारखे.

तिने पलंग मोजला. उशाकडे एक उंची, पायथ्याकडे दुसरी. पुन्हा मोजला. मग म्हणाली, दोन ठोकळे कुठे गेले? मी म्हटलं, लाकूड आहे, पावसाळी हवेत आटलं असेल. म्हणाली, पावसाळी हवेत लाकूड फुगतं आजी. पट्टा विचारला. मुलाने कपाटाकडे बघितलं. दार उघडेना. ती बाथरूमपर्यंत गेली, पायपुसण्याजवळ उभी राहिली, काहीच बोलली नाही. तिला काहीतरी बोल म्हणावंसं वाटत होतं.

मग मी भाषण सुरू केलं. पलंगाच्या उंचीपासून. पहिला मुद्दा चांगला झाला. दुसऱ्यात घसरायला लागले. म्हणजे खरोखरच घसरायला लागले, पलंग तिरका, चादर गुळगुळीत. बोलता बोलता पायथ्याशी पोचले. मुलगा आणि मोजपट्टी दोघं धावले. मोजपट्टीने मुलाला अडवलं, म्हणाली, थांबा, पाठ सरळ ठेवा, गुडघ्यात वाका. दोघांनी मला वर ठेवलं. पुढचे मुद्दे मी विसरले.

मग ती मुलाशी बोलली, मी खोलीत नसल्यासारखी. म्हणाली, आम्ही सगळी घरं पुन्हा बघितली. बहुतेक सुधारली. काही ठिकाणी कार्यक्रमच चुकला होता, तिथे आम्ही तो बदलला. दोन घरं अडली होती. एका घरात कुत्रा आहे, आमच्या दोन बायकांना चावला. त्या लोकांनी आता त्याला साखळी घातली, बाई असेपर्यंत तो मागच्या बाजूला असतो. ते घर पास केलं.

मी विचारलं, आणि दुसरं?

कोणी माझ्याकडे बघितलं नाही. सगळे टेपकडे बघत होते.

मला कुत्र्याच्या रांगेत बसवलं! कुत्र्याच्या मागे! तळपायाची आग मस्तकात गेली. पण मोजपट्टी जाताना म्हणाली, एक वाट आहे. सगळं सांगितल्याप्रमाणे करा, आणि आमच्यातली एखादी बाई स्वतःहून या घरी यायला तयार झाली, तर कंपनी पुन्हा विचार करेल. तुमच्याकडे होत्या त्या बाई थोड्याच दिवसांत कामावर येतील, त्यांना विचारते. नाहीतर, म्हणाली, आणि टेप कमरेला लावला. सुनेने मान हलवली. केंद्रवाल्यांनी जागा धरून ठेवलीय म्हणे, फार दिवस धरणार नाहीत.

८ जुलै, मंगळवार.

हुश्शबाई येणार. यात लिहिण्यासारखं काही नाही, पण लिहिते. तिला माझी सवय झालीय. मला उगीच नाही धरून ठेवलं तिने त्या दिवशी. माणूस ज्याला त्याला असं धरत नाही.

तरीपण सुताराला बोलावलं. चारही ठोकळे. पायपुसणं शेजारणीला देऊन टाकलं. पट्टा कपाटावरून काढून घेतला, आता दार उघडं राहतं आणि मी त्याच्याकडे बघत नाही. कमरेला बांधून बघितला. इतका वाईट नाही. जाडजूड, पोटाला आधार.

फरशी साध्या पाण्याने पुसून घेतली. तोंड दिसत नाही. न दिसलेलंच बरं.

मुलाला म्हटलं, कंपनीला कळव, बाईने बूट घातले तरी चालतील. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, आई, तू? मी म्हटलं, पिशवीतून आणलेले असतील तर. एवढं बोलायला मला काय पडलं ते माझं मला माहीत.

१० जुलै, गुरुवार.

फोन नाही. ती विचार करत असेल, बूट नवे घ्यावे की जुनेच आणावे.

१२ जुलै, शनिवार. संध्याकाळ.

सकाळी मोजपट्टीचा फोन आला. हुश्शबाई पुढच्या आठवड्यापासून कामावर येणार. तिला सांगितलं, दोन घरं आहेत, आजींचं आणि कुत्र्याचं, दोन्हीकडे सगळं सुधारलंय, कोणतं घेतेस?

तिने कुत्र्याचं घेतलं.

मुलाने सांगताना बरंच गाळलं. नातीला जवळ बसवून सगळं काढून घेतलं. हुश्शबाई म्हणाली म्हणे, आजी मनाने वाईट नाहीत हो, त्यांना माझा निरोप सांगा. पण कुत्रं चावून झालं की गप्प बसतं.

परवा केंद्राची गाडी येणार.

मी ठरवलं, गप्प बसून दाखवायचं. त्यात काय अवघड आहे? चहा कोमट आला, बोलले नाही. सून माझे कपडे बॅगेत कोंबत होती, बाही आत नाही, बटण लावलेलं नाही, बोलले नाही. मुलाने विचारलं, आई, उशी न्यायची का? मान हलवली. दुपारपर्यंत घरात धावपळ सुरू झाली. सून म्हणाली, आई बोलत नाहीत. नात म्हणाली, आजी, काहीतरी बोल ना, शिवी दे हवं तर. शेवटी मुलाने डॉक्टरांना फोन लावला. घाबरून मोठ्या आवाजावर लावला, मला सगळं ऐकू येत होतं.

डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मुलगा म्हणाला, सकाळपासून. ताप? नाही. तोंड वाकडं झालंय? नाही. चहा घेतला? घेतला, दोन वेळा.

मग डॉक्टर म्हणाले, राहू द्या तसंच. आराम पडेल.

मुलाने विचारलं, आईला का?

डॉक्टर म्हणाले, सगळ्यांना.